अक्कासाठी आणलेली दुसरी जोडी

आयुष्यात मूर्खपणा मी भरपूर केला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कॉफीच्या फिल्टरमध्ये चहाची पूड घातली, तो त्यातला सगळ्यांत लहान. बाकीचे नातवंडांना सांगते आणि त्यांच्याबरोबर हसते. एक मात्र कधी सांगितला नाही, कारण तो करताना मला तो मूर्खपणा वाटलाच नव्हता. वाटलं होतं, मी मोठं पुण्याचं काम करते आहे. आमच्या घरात दाराशी बसून गाणं ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईसाठी मी स्पीकरची दुसरी जोडी आणायला लावली. तिनं मागितली नव्हती. ती जोडी तिच्या खोलीत बसवली, आणि ती ज्या दाराशी बसायची ते दार बंद झालं. झालं ते एवढंच. पण त्या दाराशी तिचं काय काय होतं हे सांगितल्याशिवाय माझ्या अकलेचं मोजमाप व्हायचं नाही.

ती म्हणजे अक्का. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, आमच्या ह्यांची आत्या. पण चामराजपेटेतल्या त्या घरात दूधवाल्यासकट सगळे तिला अक्काच म्हणत. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. मी लग्न होऊन गेले तेव्हा साठीच्या पुढे होती. तांबडं आलवण, डोक्यावरून घट्ट पदर, आणि तोंडात एक लवंग. ती लवंग ती चावायची नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती ह्या गालातून त्या गालात फिरायची. बोलायच्या आधी अक्का तिला डावीकडे सारायची, त्यामुळे ती काही म्हणणार आहे हे आम्हाला अर्धा क्षण आधी कळायचं.

सासर बेंगळुरातलं जुनं मराठी घर. किती जुनं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कुणा सरदाराच्या घोड्यामागून चालत आलो, एवढंच म्हणायचे. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरलेली की कुठं काय सुरू होतं ते कळू नये. मी बेळगावची, बी.ए. झालेली. माझी मराठी म्हणजे साजूक तूप, अशी माझी समजूत. मी येता-जाता त्यांचं बोलणं सुधारायची. बेळगावच्या मराठीला पुण्यात कुणी शुद्ध म्हणत नाही, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेव्हा सुधारणा मागे घ्यायला माणसं उरली नव्हती.

हे टेलिफोनच्या कारखान्यात होते. साठ सालानंतरची ती वर्षं. बाजारात तयार चांगलं काही मिळायचं नाही आणि मिळालं तर आपल्यासाठी नसायचं. म्हणून ह्यांनी अँप्लिफायर स्वतः जोडला. आव्हेन्यू रोडच्या मागच्या गल्लीत लढाईनंतरचं लष्करी सामान अजून ढिगानं विकायला होतं. त्यातून व्हॉल्व्ह आणले, स्पीकर आणले, सुताराकडून सागवानी पेट्या करून घेतल्या. दोन पेट्या, म्हणजे स्टिरिओ. त्या बाहेरच्या खोलीत, हॉलमध्ये, भिंतीशी मांडल्या, आणि पेट्यांपासून बरोबर मोजून हे जिथं उभे राहिले तिथं जमिनीवर खडूनं फुली काढली. तिथं बसलं की गाणारा दोन पेट्यांच्या मधोमध हवेत दिसतो, असं ह्यांचं म्हणणं. केर काढताना ती फुली पुसायची नाही अशी मला ताकीद होती.

रविवारी सकाळी मंडळी जमायची. मंडळी म्हणजे मामंजी, हे, आणि बसवनगुडीहून सायकल मारत येणारे शामराव वकील. मामंजी निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या एका खाकरण्यानं गल्ली गप्प व्हायची. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. हॉल आणि माजघर ह्यांच्यामध्ये एक जड जुनं दार होतं, आणि त्याची खोड अशी की सोडलं की ते आपोआप मिटायचं. अक्का माजघराच्या बाजूला, उंबऱ्याला लागून बसायची आणि उजवा गुडघा दाराला लावून ते हातभर उघडं ठेवायची. पुढ्यात कापूस. वाती वळायची आणि ऐकायची.

हॉलमध्ये ती येत नसे. परक्या पुरुषांसमोर आलवणातली बाई जात नाही, हा तिच्या पिढीचा रिवाज, आणि शामराव चाळीस वर्षं येत असले तरी रिवाजाच्या हिशेबात परकेच. त्यांनी कधी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आवाज! सुई ठेवण्याआधी मामंजी मान न वळवता विचारायचे, "अक्का, आहेस काय?"

आतून लवंग सरकायची. "आहे रे गुंडू. लाव."

ज्यांना पाहून पोरं चड्डीत मुतायची त्या हेडमास्तरांना गुंडू म्हणणारं जगात एवढंच एक माणूस उरलं होतं, आणि ते दाराआड बसलेलं.

बाजू संपली की तिघंही गप्प राहायचे. निकाल दाराआडून यायचा. "तबलजीला घरी जायची घाई आहे. पाहुणे आलेत वाटतं." किंवा, "बाईंचा गळा छान, पण त्या स्वतःच ऐकताहेत, आपल्याला नाही ऐकवत." शामराव गुडघ्यावर थाप मारायचे. "अक्का, तुम्ही कोर्टात पाहिजे होता!" ती म्हणायची, "मला काळा कोट कोण देणार शामराव, मला तांबडंच दिलंय." मग बाहेर हशा, आणि आत तिचा तो हुंकार, हसू लवंगेखाली दाबल्यासारखा.

तिचे कान कसे होते ते एका गोष्टीवरून सांगते. एका रविवारी ती मध्येच म्हणाली, "गुंडू, थांबव. डावीकडच्याला पडसं झालंय." आम्हाला कुणाला काही कळलं नव्हतं. ह्यांनी पेटीची मागची फळी काढली, तर आतल्या कागदी कोनाला झुरळांनी बोटभर कुरतडलेलं. ह्यांचं तोंड उतरलं. मद्रासला पाठवावं लागेल म्हणाले, दोन महिने जातील म्हणाले. मंडळी निघून गेल्यावर अक्का बाहेर आली. "दाखव." पतंगाचा पातळ कागद, मैद्याची खळ, आणि कापसाची एक वात घेऊन बसली. वातीनं खळ लावली, कागद फुंकर घालून बसवला. वाळल्यावर दोन्ही अंगठ्यांनी तो कोन अगदी हलकेच आत दाबला आणि कान जवळ नेला.

"काय ऐकतेस?" ह्यांनी विचारलं.

"आत काही घासत नाही ना ते. नाही घासत. लाव आता."

हे इंजिनिअर. त्यांनी दोन दिवस ती गोष्ट कारखान्यात कुणाला सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितली.

आता माझ्याकडे येते. मी त्या काळी स्त्रियांच्या उद्धाराविषयी मासिकातून वाचत असे, आणि उद्धार करायला हाताशी दुसरं कुणी नव्हतं. दाराआडची ती बाई पाहून माझं रक्त उसळायचं. आधी मी साधा उपाय केला. मंडळी नसताना एकदा वेताची खुर्ची ओढून बरोबर खडूच्या फुलीवर ठेवली, अक्काला हाताला धरून आणून बसवलं आणि रेकॉर्ड लावली. अक्का हात मांडीवर ठेवून बसली. दोन मिनिटं झाली असतील.

"कसं वाटतं?" मी.

"सगळं तोंडावरच येतंय गं. बोहल्यावर बसवल्यासारखं." उठली. "आणि बोलायचं कुणाशी इथं?"

शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. मी म्हटलं, बिचारी, सवयच नाही हिला चांगल्याची.

मग मी दुसरी जोडी काढली. म्हणजे डोक्यातून काढली. हॉलमधल्यासारख्याच दोन पेट्या अक्काच्या खोलीत, माजघराला लागून. अँप्लिफायरला मागून आणखी दोन तारा जोडल्या की झालं. इकडे वाजेल तेच तिकडे. ह्यांना कल्पना आवडली, कारण ह्यांना कुठल्याही निमित्तानं आणखी दोन पेट्या हव्याच होत्या. नाखूष होते ते एकटे मामंजी.

"ती दाराशी ऐकते की," ते म्हणाले.

शामराव समोर बसलेले. मी कॉफीचा ट्रे हातात घेऊन उभी. आणि त्या चोवीस वर्षांच्या दीडशहाणीनं सासऱ्यांना विचारलं, "दाराशी का म्हणून? त्या काय भिक्षा मागायला बसल्यात?"

मामंजींचा चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खाली पाहिलं. एवढी वर्षं आपण बहिणीला दाराशी बसवलं, हे त्यांना त्या क्षणी कुणीतरी परक्यानं सांगितल्यासारखं झालं. आणि ते खरंही होतं. म्हणाले, "आणा." दाराच्या त्या बाजूला वाती वळणं थांबलं होतं, ते मी ऐकलं. मला वाटलं, आनंदानं.

जोडी निवडायला मात्र अक्कालाच बसवायचं असं ह्यांनी ठरवलं. दोन जोड्या घरी आल्या. एक ह्यांच्या साहेबांनी घर बदलताना विकायला काढलेली, विलायती, काळी चकचकीत, समोर सोनेरी जाळी. दुसरी इथलीच, लष्करी सामानातल्या स्पीकरची, सुताराच्या हातची. एकच रेकॉर्ड आलटून पालटून दोन्हींवर लावायची. एका वयस्क गवयाचा यमन होता.

विलायती जोडी वाजली तेव्हा मी तर विरघळले. अक्का म्हणाली, "कारल्यात गूळ घातल्यासारखं आहे. ह्या पेटीत सगळेच गवई चांगले."

"मग चांगलंच की!"

"चांगलंच. पण मग त्यातला चांगला कोण ते कसं कळायचं, बेळगावकरीण?"

दुसरी जोडी वाजली. मग उठून तिनं बोटाच्या पेरानं पेट्या ठोकून पाहिल्या, बाजारात माठ घेताना ठोकतो तशा. वर, बाजूला, मागं. "हिची मागची फळी सैल आहे, सुताराला आणखी दोन स्क्रू मारायला सांग." पुन्हा बसली. "हा गाणारा म्हातारा झालाय. वरचा सूर लावायच्या आधी स्वल्प भितो. लागल्यावर त्यालाच बरं वाटतं. ते सगळं ह्यात ऐकू येतं. घ्यायची तर ही घ्या."

मला हवं होतं तिनं विलायती घ्यावी. तिच्यासाठी काहीतरी चकचकीत व्हावं अशी माझी फार इच्छा होती. पण असो.

"कुठं ठेवणार?" तिनं विचारलं.

"तुमच्या खोलीत. तुमच्या स्वतःच्या!" मी म्हटलं. 'स्वतःच्या'वर केवढा जोर.

"आणि मधलं दार?"

ते ह्यांनी समजावलं. दार उघडं राहिलं तर दोन खोल्यांतला आवाज एकमेकांत मिसळतो, थोडा मागंपुढं पोचतो, सगळं गढूळ होतं; तेव्हा ऐकताना दार लावलेलं बरं. शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर होतं ते.

अक्कानं लवंग डावीकडे सारली. आम्ही वाट पाहिली. "सरी," ती म्हणाली. कानडीत 'बरं' म्हणतात ते. त्या एका शब्दात होकार किती आणि बाकी काय किती, हे तिच्या पेट्या मला शिकवू शकल्या असत्या, पण माझे कान विलायती होते.

वर मी काय केलं ते सांगते. दाराच्या फटीतूनही आवाज जातो असं हे म्हणाले, तर मी जुन्या गोधड्यांचा जाड पडदा शिवला, चार दिवस बसून. दाराच्या आतल्या अंगाला अक्काच्या बाजूनं लावला. आणि तो सुंदर दिसावा म्हणून माझ्या एका फाटलेल्या शालूची जर काढून त्याला किनार लावली. माझ्या हातचं इतकं नेटकं शिवण त्याच्या आधी झालं नाही आणि नंतरही नाही.

पहिल्या रविवारी मामंजींनी सवयीनं तोंड उघडलं. दाराकडे पाहिलं. पडदा त्या बाजूला होता, ह्या बाजूला नुसतं मिटलेलं दार. त्यांनी तोंड मिटलं आणि सुई ठेवली. बाजू संपल्यावर तिघं गप्प राहिले, नेहमीप्रमाणे, आणि मग ते गप्पच राहिले. शामराव म्हणाले, "छान झालं." ह्यांनीही छान झालं म्हटलं. शेवटी मामंजी उठून दार उघडून आत गेले. "कसं झालं अक्का?" "झालं की." बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "छान झालं म्हणते."

दोन-तीन रविवार ते असे उठून गेले. मग गुडघे दुखायला लागले. मग, रेकॉर्ड संपल्यावर लगेच दुसरी लावायची पद्धत पडली. कुणी काही ठरवलं नाही. तिला तिचं मिळालं आहे, आता तिला त्रास कशाला, असं सगळ्यांना वाटत असावं. मला तर नक्कीच वाटत होतं. आल्यागेल्याला मी ती खोली दाखवायची. "आमच्याकडे आतसुद्धा स्टिरिओ आहे!" अक्का अशा वेळी खाटेच्या कडेला बसून असायची, पाहुणी आल्यासारखी.

हॉलमधली उजवी पेटी त्या सुमाराला खरखरायला लागली होती. ते आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, तेही तिच्यातून धूर आला तेव्हा.

मामंजी अलीकडे रेकॉर्ड चालू असतानाच पेंगत. शामराव येत, पण बोलणं कोर्टाचं व्हायचं, हवेचं व्हायचं, ब्लडप्रेशरच्या आणि शुगरच्या आकड्यांचं व्हायचं. गुंडू ह्या नावानं त्या घरात कुणी हाक मारेनासं झालं. अक्काच्या खोलीत मामंजी जेवायला बोलवण्यापुरते डोकावत, आणि जेवायला बोलावणाऱ्याला नुसतं "आले" म्हटलं तरी पुरतं. मी म्हटलं, अक्का म्हातारी झाली. कमी बोलते हल्ली. वयाचं आहे.

पुढच्या श्रावणात ती गेली. ताप आला, चार दिवस राहिला, पाचव्या दिवशी ती नव्हती. तेराव्यानंतर मी तो पडदा काढला. दार सोडलं की अजूनही आपोआप मिटायचं. मामंजींनी एका रविवारी तिथं पायपुसणं दुमडून अडकवलं, दार हातभर उघडं राहील असं, आणि रेकॉर्ड लावून बसले. बाजू अर्धी झाली असेल. उठले, सुई उचलली, पायपुसणं काढलं. त्यांनी मला कधी काही बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर मी त्यांच्याशी वाद घातला असता, ते त्यांना ठाऊक होतं.

मला ती दिसते ती मात्र त्याच्या आधीच्या फाल्गुनातली. रविवार होता, साडेदहा-अकरा. बाहेर मंडळी जमलेली. मी अक्कासाठी कॉफी घेऊन आत गेले. खोलीत दोन्ही पेट्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून जोरात गात होत्या. अक्का त्यांच्याकडे पाठ करून, बाहेर माजघरात, मधल्या दाराशी, जमिनीवर बसली होती. माझ्या पडद्याचा खालचा कोपरा तिनं वर उचलून धरला होता आणि कान थेट लाकडाला लावला होता. डोळे मिटलेले. मांडीवर कापूस नव्हता, वाती नव्हत्या. दुसरा हात दारावर पालथा ठेवलेला, तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

मी वाटी-भांडं खाली ठेवलं त्याचा आवाज झाला. तिनं डोळे उघडले. लाजली नाही, गडबडली नाही. पडद्याचा कोपरा खाली सोडला आणि जरीची किनार मुडपली होती ती बोटांनी सारखी केली, माझी मेहनत होती ना ती.

मी खरोखर काळजीनं विचारलं, "अक्का, इथं का बसलात? पेट्यांचा आवाज नीट येत नाही का?"

"येतो की गं," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ येतो. मधनंमधनं ते पलीकडे हसतात ना, तेवढं ह्यात येत नाही बघ."